चार पासबुकं, चार कामं

गाडीचा हप्ता ५ तारखेला कापला जातो आणि पगार ७ तारखेला जमा होतो. मधल्या दोन दिवसांत खात्यात पैसे नसतात, हप्ता परत जातो आणि पासबुकात 'रिटर्न चार्ज' अशी एक ओळ छापून येते. पुढच्या महिन्यात पुन्हा तीच ओळ. सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगावच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्या आणि वढू बुद्रुक, कोरेगाव भीमा परिसरात घर-शेती सांभाळणाऱ्या वाचकांकडून येणारा प्रश्न बहुधा याच ओळीपासून सुरू होतो. पगार बरा आहे, दुधाचेही पैसे येतात, तरी २० तारखेनंतर उसनवारी का करावी लागते? बिलांसाठी वेगळं खातं काढावं का? काढलं तर कुठल्या बँकेत, आणि कुणाच्या नावावर?

उत्तर असं, की वेगळं खातं ठेवाच. पण नवं काढायला बँकेत जाण्याआधी घरातली पासबुकं मोजा. या पट्ट्यात ठेकेदार बदलला की पगाराची बँकही बदलते. त्यात जनधनचं एक, सोसायटीच्या कर्जासाठी जिल्हा बँकेतलं एक, मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी काढलेलं एक. दोन कमावत्या माणसांच्या घरात पाच-सहा पासबुकं सहज निघतात. खाती भरपूर आहेत, पण एकाही खात्याला ठरलेलं काम नाही. शेतकऱ्याच्या घरात बियाण्याचं पोतं वेगळं बांधून ठेवलेलं असतं, आणि घरात पीठ संपलं तरी ते गिरणीत जात नाही. पैशाच्या बाबतीत तेवढंच करायचं आहे.

आधी सगळी पासबुकं एका जागी आणा

पासबुकं छापून घ्या आणि वहीच्या एका पानावर प्रत्येक खात्यासमोर एवढं लिहा:

- खातं कुणाच्या नावावर आहे आणि वारस नोंदवलेला आहे का
- कोणता मोबाइल नंबर जोडला आहे, आणि तो नंबर आज कुणाच्या खिशात आहे
- किमान शिल्लक किती ठेवावी लागते
- या खात्यात काय जमा होतं: पगार, दूध, अनुदान, लाडकी बहीण
- या खात्यातून आपोआप काय कापलं जातं: हप्ता, विमा, कार्डाचं शुल्क

मे-जूनच्या नोंदी नीट पाहा. ४३६ रुपये आणि २० रुपये अशा कपाती दिसल्या तर त्या पंतप्रधान जीवनज्योती आणि सुरक्षा विमा योजनांच्या आहेत. या योजना चांगल्या आहेत, पण प्रत्येकीत एका माणसाला एकाच खात्यातून भाग घेता येतो. तीन खात्यांतून कापले गेले म्हणून भरपाई तिप्पट मिळत नाही. एका खात्यातली कपात चालू ठेवा, बाकीच्या बँकांना लेखी कळवून बंद करा.

किती खाती पुरतात?

बहुतेक घरांना तीन खाती पुरतात. शेती किंवा दुधाचा धंदा असेल तर चार.

१. जमा खातं. पगार इथे येतो आणि ठरलेल्या तारखेला पुढे वाटला जातो. इथून दुकानात पैसे द्यायचे नाहीत.
२. बिलांचं खातं. ज्याची तारीख आणि साधारण रक्कम आधीच माहीत असते ते सगळं इथून जातं: हप्ते, वीज, गॅस, रिचार्ज, शाळेची गाडी, विमा, घरपट्टी.
३. खर्चाचं खातं. किराणा, भाजी, पेट्रोल, दवाखाना, आहेर. यूपीआय याच खात्याला जोडा.
४. शेती-दुधाचं खातं. पेंड, खतं, औषधं, मजुरी आणि कर्जफेड.

तीन खाती सांभाळणं जड वाटत असेल तर दोनच ठेवा: पगार येतो तेच बिलांचं आणि दुसरं खर्चाचं. अशा वेळी खर्चाची रक्कम बाहेर काढायची आणि बिलांची आत राहू द्यायची. उलट केलं तर बिलांचे पैसे हातात आलेले असतात आणि ते हातातूनच जातात.

बिलांच्या खात्यात किती पाठवायचे?

इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो, कारण दर महिन्याची बिलं धरली जातात आणि वर्षातून एकदा येणारी विसरली जातात. उदाहरणासाठी २२,००० रुपये पगाराचं घर घेऊ.

दर महिन्याची बिलं:

- दुचाकीचा हप्ता: ३,२००
- वीजबिल, वर्षाची सरासरी: १,१००
- गॅस: ९००
- तीन मोबाइलचे रिचार्ज: ९००
- शाळेची गाडी: १,५००
- एकूण: ७,६००

वर्षाची बिलं:

- शाळेची फी, वह्या-पुस्तकं, गणवेश: १८,०००
- जीवन विम्याचा हप्ता: १२,०००
- घरपट्टी आणि पाणीपट्टी: २,८००
- दुचाकीचा विमा: २,०००
- एकूण ३४,८००, म्हणजे महिन्याला २,९००

दोन्ही मिळून १०,५०० होतात. खात्यात ११,००० पाठवा. वरचे ५०० साठत गेले की उन्हाळ्यात वाढलेलं वीजबिल अंगावर येत नाही. तुमच्या घरचे आकडे वेगळे असतील, पण वर्षाच्या बिलांना १२ ने भागून दर महिन्याला बाजूला काढायचं, ही रीत तीच.

उरले ११,०००. त्यातले २,००० जमा खात्यातच अडीअडचणीसाठी ठेवले तर खर्चाला ९,००० राहतात. ते एकदम देऊ नका, आठवड्याला द्या. महिना चार आठवड्यांचा धरून २,२५० दिले तर वर्षाच्या ५२ आठवड्यांत हिशेब कोलमडतो. ९ हजार गुणिले १२ भागिले ५२ केलं की २,०७७ येतात. म्हणून २,००० द्या. वर्षाला चार हजार शिल्लक राहतात, ते दिवाळीला. पैसे आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी पाठवले की आठवडा कधी संपला हे घरातल्या प्रत्येकाला कळतं.

तारखा जुळवून घ्या

महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत देण्याची कायद्यात तरतूद आहे. तरीही ठेकेदाराकडून एक-दोन दिवस मागेपुढे होतात. म्हणून:

- कर्ज देणाऱ्या कंपनीला हप्त्याची तारीख १० किंवा १५ करून मागा. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. नवं कर्ज घेताना तर कागदावर सही करण्याआधीच ही तारीख ठरवा.
- जमा खात्यातून बिलांच्या खात्यात ८ तारखेला आपोआप रक्कम जाईल अशी कायमची सूचना बँकेत द्या. रोज आठवण ठेवण्यापेक्षा एकदा फॉर्म भरलेला बरा.
- पहिल्या महिन्यात बिलांच्या खात्यात एका हप्त्याइतकी जास्त रक्कम टाका. पगार लांबला तरी ती उपयोगी पडते.

हप्ता परत गेला तर दोन्हीकडून फटका बसतो: तुमची बँक शुल्क घेते आणि कर्ज देणारी कंपनीही घेते, त्यावर जीएसटी वेगळा. पतनोंदीवर डाग पडतो तो निराळाच. शिवाय खात्यात पैसे नसल्यामुळे आपोआप कापला जाणारा हप्ता परत जाणं, हा २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली चेक न वटण्यासारखाच गुन्हा ठरू शकतो.

आपल्या गावाची एक तारीख वहीत वेगळी लिहा. फाल्गुन अमावस्येला संभाजी महाराजांच्या बलिदान दिनासाठी वढूला माणसं येतात, घरोघरी पाहुणे असतात. ही अमावस्या मार्चएंडच्या आसपासच पडते, म्हणजे सोसायटीचं कर्ज भरायचे आणि पाहुणचाराचे पैसे एकाच पंधरवड्यात लागतात. दुसऱ्या दिवशी पाडवा. हा खर्च दरवर्षी ठरलेला आहे, तेव्हा तोही १२ ने भागायच्या यादीत घ्या.

दुधाचा पगार, उसाचं बिल आणि अनुदान

दुधाचा पगार दहा दिवसांनी हातात येतो म्हणून तो घरखर्चाचाच वाटतो. पण त्यात पेंड, चारा आणि डॉक्टरचा खर्च दडलेला असतो. दूध शेती-दुधाच्या खात्यातच जमा होऊ द्या. गोठ्याचा खर्च भागवून महिनाअखेर जे उरेल तेवढंच घरखर्चाकडे वळवा. उरलं नाही तर धंदा कसा चालला आहे तेही त्याच पासबुकात दिसेल.

ऊस गाळपाला गेल्यापासून १४ दिवसांत रास्त दराचे पैसे द्यावेत, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज द्यावं, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. प्रत्यक्षात पैसे केव्हा येतील ते सांगता येत नाही, त्या भरवशावर महिन्याची बिलं ठेवू नका. उसाचं बिल आलं की आधी सोसायटीचं कर्ज, मग पुढच्या लागवडीचं भांडवल, आणि मग घर. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर व्याज पडत नाही. एक तारीख चुकली की ही सवलत जाते.

पीएम किसान, नमो शेतकरी, लाडकी बहीण यांचे पैसे खाते क्रमांक पाहून येत नाहीत, ते आधारला जोडलेल्या बँकेत जातात. आधारला अशी एकच बँक जोडलेली असते, आणि ती म्हणजे सगळ्यात शेवटी तुम्ही संमती दिलेली. नव्या ठेकेदाराकडे रुजू होताना पगाराच्या खात्याच्या फॉर्मवर 'अनुदान याच खात्यात हवं' या चौकटीत खूण झाली, की पुढचा हप्ता तिकडे वळतो. 'माझे पैसे बंद झाले' म्हणून तलाठी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवणाऱ्यांपैकी काहींचे पैसे त्यांच्याच दुसऱ्या खात्यात पडलेले असतात. माय आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' पाहा. कोणती बँक जोडली आहे ते तिथे कळतं.

खातं कुणाच्या नावावर?

- बिलांचं खातं नवरा-बायकोचं संयुक्त असावं. फॉर्मवर 'दोघांपैकी कोणीही एक किंवा हयात असलेला' हा पर्याय निवडा. एक माणूस दवाखान्यात असला तरी दुसऱ्याला बिलं भरता येतात. 'दोघांच्या सहीने' हा पर्याय घेतला तर ऐनवेळी अडून बसावं लागतं.
- खर्चाचं खातं जो बाजार करतो त्याच्या नावावर असावं. बहुतेक घरांत हे घरातल्या बाईचं खातं असायला हवं.
- लाडकी बहीण आणि बचत गटाचं कर्ज ज्या खात्यात येतं ते खातं त्या बाईचंच राहू द्या. बिलांचा भार त्यावर टाकू नका. गटाचे पैसे तर कुणाच्याही वैयक्तिक खात्यातून फिरवू नका. हिशेबावरून गट फुटतात.

नावापेक्षा जास्त अडचण मोबाइल नंबरमुळे होते. बायकोच्या खात्याला नवऱ्याचा नंबर जोडलेला असतो. नवरा कंपनीत, आणि कामाच्या जागी मोबाइल नेऊ देत नाहीत, म्हणून तो गेटजवळच्या लॉकरमध्ये. इकडे ती मेडिकलच्या दुकानात उभी आहे, खात्यात पैसे आहेत, आणि ओटीपी लॉकरमध्ये वाजतोय. ज्याचं खातं त्याचाच नंबर, हा नियम पाळा. घरातल्या वडीलधाऱ्यांना स्वतःचं यूपीआय नको असेल तर 'यूपीआय सर्कल'मधून तुमच्या खात्यावरून पैसे देण्याची त्यांना मर्यादित परवानगी देता येते. पूर्ण मुभा दिली तरी महिन्याला १५,००० रुपयांच्या आतच.

वारस प्रत्येक खात्याला नोंदवा. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नावं देता येतात. मात्र असा नामनिर्देशित माणूस पैसे स्वीकारतो. तो त्यांचा मालक झाला असं होत नाही. कायदेशीर वारसांचा हक्क कायम राहतो.

कुठल्या बँकेत?

दोन वेगळ्या बँका ठेवा. एक सरकारी बँक असू द्या; स्टेट बँकेने साध्या बचत खात्यावरची किमान शिल्लकेची अट २०२० मध्येच काढली आणि २०२५ मध्ये आणखी काही सरकारी बँकांनी तो दंड बंद केला. पगाराचं खातं झिरो बॅलन्सचं असतं, पण पगार येणं थांबलं की काही महिन्यांत ते साधं खातं होतं आणि किमान शिल्लकेची अट लागू होते. ठेकेदार सोडला की ही गोष्ट लगेच तपासा.

जनधनसारखं मूलभूत खातं असलेल्याला त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही. तेव्हा बिलांचं खातं दुसऱ्या बँकेत काढा.

दोन बँकांचं दुसरं कारण पुणे जिल्ह्याला सांगायला नको. रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि २०२२ मध्ये तिचा परवाना रद्द झाला. पीएमसी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त १,००० रुपये काढता येत होते. बँकेतल्या ठेवींना एका माणसामागे एका बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत विमा असतो. सगळ्या शाखा आणि सगळी खाती मिळून ५ लाख. शाखा बदलून संरक्षण वाढत नाही, बँक बदलली तर वाढतं. जिल्हा बँक आणि नागरी सहकारी बँका यात येतात, पतसंस्था येत नाहीत. पतसंस्थेची पिग्मी चालू ठेवायची तर ठेवा, पण बिलांचे पैसे तिथे ठेवू नका.

थकलेलं कर्ज ज्या बँकेत आहे तिथेही बिलांचं खातं नको. बँक थकबाकीपोटी त्याच बँकेतल्या खात्यातून पैसे वळते करू शकते.

इथे पाय घसरतो

- एकाच अॅपमध्ये सगळी खाती. दुकानात घाईने स्कॅन केलं की पैसे बिलांच्या खात्यातून जातात. ज्या अॅपने दुकानात पैसे देता त्यात बिलांचं खातं जोडू नका. बिलं भरायला दुसरं अॅप ठेवा.
- प्रत्येक खात्याला कार्ड. डेबिट कार्डाचं वर्षाचं शुल्क वेगवेगळं कापलं जातं. बिलांच्या खात्याला कार्ड नको असं सांगा. बँक ते गळ्यात मारू शकत नाही.
- एटीएमच्या फेऱ्या. आपल्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला ५ व्यवहार मोफत. पुढे प्रत्येकी २३ रुपयांपर्यंत आणि कर.
- 'या महिन्यापुरते' उचललेले पैसे. बिलांच्या खात्यातून घ्यावेच लागले तर वहीत उसने म्हणून लिहा आणि पुढच्या पगाराला परत करा.
- विसरलेलं वीजबिल. मुदत टळली की महावितरण १.२५ टक्के विलंब आकार लावतं. मात्र वीज तोडण्याआधी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावीच लागते.

तुमचे हक्क

- किमान शिल्लक कमी झाली तर बँकेने आधी कळवलं पाहिजे आणि भरून काढायला एक महिना दिला पाहिजे. केवळ या दंडापायी खातं शून्याच्या खाली नेता येत नाही.
- दोन वर्षं तुम्ही व्यवहार केला नाही तर खातं निष्क्रिय होतं. निष्क्रिय खात्यावर किमान शिल्लकेचा दंड लावता येत नाही, आणि ते पुन्हा सुरू करायला शुल्क नाही.
- आपोआप कपातीला दिलेली संमती तुम्ही मागे घेऊ शकता. कर्जाचा हप्ता असेल तर आधी दुसऱ्या खात्याची सोय करा.
- खात्यातून परस्पर पैसे गेले तर लगेच बँकेला आणि १९३० वर कळवा. चूक तुमची नसेल आणि ३ कामाच्या दिवसांत कळवलं असेल तर नुकसान तुमच्यावर येत नाही. ओटीपी स्वतः सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं.
- बँकेने ३० दिवसांत तक्रार सोडवली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येतं. माहितीसाठी १४४४८. पतसंस्थेची तक्रार इथे चालत नाही, ती सहकार खात्याकडे.

जादा खातं बंद करताना

चार कामं वाटून झाल्यावर उरलेली खाती बंद करा. त्याआधी या क्रमाने जा:

१. अनुदान, गॅस सबसिडी, शिष्यवृत्ती त्या खात्यात येत नाही ना, ते तपासा.
२. पीएफच्या नोंदीत कोणतं खातं आहे ते पाहा. पहिल्या ठेकेदाराच्या वेळचं खातं तिथे राहिलेलं असतं आणि ते बंद केलं की पीएफचा दावा अडकतो. आधी नोंद बदला.
३. विमा आणि हप्त्यांच्या कपाती नव्या खात्यावर न्या आणि एक महिना थांबा.
४. वर्षभराचं स्टेटमेंट काढून ठेवा, मग कार्ड, चेकबुक आणि अर्ज देऊन पोच घ्या.

या रविवारी एवढंच करा

पासबुकं एकत्र आणा, वर सांगितलेलं पान लिहा आणि प्रत्येक पासबुकाच्या पहिल्या पानावर पेनाने त्याचं काम लिहा: 'जमा', 'बिलं', 'खर्च', 'गोठा'. ज्याच्यावर काही लिहिता आलं नाही ते बंद करायचं. सोमवारी हप्त्याची तारीख बदलण्याचा अर्ज द्या. तीन महिन्यांनी बिलांचं पासबुक पुन्हा छापून आणा. 'रिटर्न चार्ज'ची ओळ त्यात नसेल तर घडी बसली. असेल तर तारीख पाहा. बहुतेक वेळा चूक रकमेत नसते, तारखेत असते.